सव्वीस इंच

बांबोळीला जायचं असलं
की आदल्या रात्रीपासून मी पाणी तोडतो.
सकाळी अर्धा कप चहा,
तोही शेवंती रागावते म्हणून.
दिवाडीला चहूकडून पाणी,
आणि मी बेटाच्या मधोमध
ओठ सुके ठेवून बसलेला.

डॉक्टर सांगतात, शाणू, दिवसाला तीन लिटर,
नाहीतर मूत्रपिंडं रुसतील.
मी मान हलवतो.
मान तेवढी चांगली हलते माझी.

चार तासांनी नळी घालायची, तर आडोसा लागतो.
चाकांची खुर्ची सव्वीस इंचांची,
वाटेतल्या प्रत्येक संडासाचं दार चोवीसचं.
मधल्या दोन इंचांत
गेल्या वर्षी तीनदा ताप आला,
एकदा तर आठवडाभर खाट.
फायलीवर लिहिलंय : वारंवार संसर्ग.
कारण : पाणी कमी पितो.
दाराचं नाव कुठेच नाही.

पूर्वी मी पाडेली होतो.
कमरेला कोयती, पायांत काथ्याचा फास,
दिवसाला चाळीस माड.
माथ्यावरून दिसायची मांडवी, खाजनं,
आणि माणसांची डोकी, फक्त डोकी.
पोरं माकड म्हणायची, मीही दात दाखवायचो.
चवथीच्या आदल्या दिवशी एक माड निसरडा निघाला.
आता जखम नेमकी तिथेच भरत नाही
ज्याला डॉक्टर माकडहाड म्हणतात.
मी हसलो होतो ते ऐकून.
त्यांनी कागदावरून वर पाहिलं नाही.

आता मला दिसतात
पट्टे, बक्कलं, खिशांचे फुगवटे,
हातात लोंबणाऱ्या बांगड्यांच्या पिशव्या.
बोलणारे शेवंतीशी बोलतात :
'ह्यांना साखर चालते?'
माझ्या चहाबद्दल.

फेरीबोटीचं गणित आणखी वेगळं.
भरतीला फळी सपाट, मी एकटा चढतो.
सुकतीला उतार असा, की खुर्ची
तळ्याकडे सुटलेल्या रेड्यासारखी धावते.
म्हणून तपासणीची तारीख मी पंचांग बघून मागतो.
नर्स म्हणते, मुहूर्त कसला काढता?
मी म्हणतो, अवस-पुनव तेवढी नको.

हयातीचा दाखला पहिल्या मजल्यावर मिळतो.
जिना सतरा पायऱ्यांचा.
कारकून वरून डोकावला, म्हणाला,
'तुम्ही खालीच थांबा, बायकोला पाठवा.'
शेवंती वर जाऊन सांगून आली
की मी जिवंत आहे.
त्या रात्री, आणि नंतरच्या कितीतरी, झोप आली नाही.
लुर्दिनबाईंना सांगितलं तेव्हा
त्यांनी व्यायाम थांबवला,
माझा पाय हातात धरून नुसत्या बसल्या.
धरलाय हे मला कळलं नाही.
दिसलं.

पलीकडच्या धक्क्यावर कायतानचा बार.
त्याच्या आईला जूनमध्ये वॉकर आला
आणि जुलैत त्यानं मागच्या दाराची चौकट काढली.
'तुझ्या खुर्चीचं माप दे,' म्हणाला,
'भिंत एकदाच फोडतो.'
टेप घेऊन गुडघ्यांवर बसला.
त्याचा चेहरा माझ्या उंचीवर आला तेव्हा
नाकाशेजारचा तीळ मी पहिल्यांदा पाहिला.
वीस वर्षं मी त्याचे माड पाडले होते.

त्यानं बत्तीस ठेवले.

आज सुकती आहे. तारीख निवडता आली नाही.
जखम तशीच, उशीत हवा कमी.
दोघा खलाशांनी खुर्ची उलटी धरून उतरवली,
मी आभाळ बघत खाली गेलो
आणि पोटात तोच जुना गोळा आला.
नदीच्या मध्यावर
शेवंतीनं बाटली पुढे केली, काही न बोलता.
मी प्यायलो. अर्धी.
मग धक्का किती लांब आहे ते एकदा पाहून
उरलेलीही.